कंपनीचा पार्ट की बाहेरचा? एका जुन्या गाडीच्या कामाचा पूर्ण हिशोब

गाडी पेट्रोल हॅचबॅक, दहा वर्षं पूर्ण झालेली, मीटरवर १,२६,००० किमी, आणि पहिल्या दिवसापासून मालक एकच, माझे मामा. तक्रारी अशा होत्या की खड्ड्यातून गेलं की पुढून डाव्या बाजूला खडखड, ८० च्या वर गेलं की एकसारखा घूं असा आवाज, ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, इंजिनचा पिवळा लाईट लागलेला, डावा हेडलाईट दगड लागून तडकलेला, आणि वर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारा इंजिनातला पट्टा) कधी बदललाय याची कुठेच नोंद नाही. इंजिन मात्र एकदम छान, ऑइल पीत नाही, बॉडीला गंज नाही, म्हणजे गाडी काढून टाकायची अजिबात गरज नव्हती.

मामांनी दोन ठिकाणी दाखवली. एका ठिकाणाहून एस्टिमेट आलं ते सगळं कंपनीच्या डब्यातलं, दुसऱ्या ठिकाणाहून आलं ते सगळं बाहेरचं, आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या दुपटीच्याही वर. मग घरात दोन पक्ष पडले. मामा म्हणणार, "ब्रेकचं काम आहे, उगाच रिस्क नको, सगळं ओरिजिनलच टाकू." त्यांचा मुलगा म्हणणार, "बाबा, अजून चार-पाच वर्षं वापरायची गाडी, तिच्यात एवढा पैसा कशाला घालायचा?" शेवटी दोघांनी दोन्ही कागद माझ्याकडे दिले आणि म्हणाले तूच सांग कुठलं करायचं.

मी म्हटलं, मामा, दोन्ही नको. दोन्ही एस्टिमेट चूक नव्हती, पण दोघांनीही अख्ख्या गाडीसाठी एकच उत्तर दिलेलं होतं, आणि माझं मत पक्कं आहे की हा प्रश्न गाडीला विचारायचाच नसतो, एकेका पार्टला विचारायचा असतो. प्रत्येक पार्टसाठी मी तीन गोष्टी बघतो: हा पार्ट गेला तर काय होईल, नुसता आवाज येईल की गाडी रस्त्यात बंद पडेल की माणूस जाईल. दुसरं, त्याच्यापर्यंत पोचायला किती खोलावं लागतं, म्हणजे परत बदलायची वेळ आली तर लेबर किती वाया जाणार. आणि तिसरं, तो खरंच बनवलाय कुणी. डब्यावर नाव कुणाचं हे त्याच्यानंतर येतं.

तिसऱ्या मुद्द्यावर जरा थांबतो कारण सगळा घोळ तिथेच होतो. कार कंपनी गाडीतले बहुतेक पार्ट स्वतः बनवत नाही. सेन्सर आणि इंजेक्शनचं सामान बॉश, डेन्सो असल्यांचं, बेअरिंग एसकेएफ, एनटीएन, एनएसके यांचं, शॉकअप केवायबी, मन्रो, सॅक्स यांचे, बेल्ट गेट्स, डेको, कॉन्टिनेंटल यांचे, स्पार्क प्लग एनजीके, डेन्सो, बॉशचे. हेच लोक तोच पार्ट कार कंपनीला देतात, तो कंपनीच्या डब्यात जातो आणि आपण त्याला जेन्युईन म्हणतो, आणि बऱ्याचदा तसाच पार्ट स्वतःच्या डब्यात घालून बाजारातही विकतात. कधी कधी तर सस्पेन्शनच्या आर्मवर एका जागी ग्राइंडरने घासलेलं दिसतं, तिथे कार कंपनीचा लोगो असतो आणि बाहेर विकताना तो काढावा लागतो म्हणून घासलेला असतो, बाकी कास्टिंग तेच. पण हे सरसकट धरून चालू नका. एकाच मेकरच्या दोन-दोन लाईन असतात, एक कार कंपनीच्या स्पेसिफिकेशनची आणि एक स्वस्तातली, त्यामुळे नुसतं ब्रँडचं नाव बघून भागत नाही, पार्ट नंबर जुळवावा लागतो.

आणि "आफ्टरमार्केट" म्हटलं की त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी येतात. मूळ मेकरचा स्वतःच्या डब्यातला माल, दुसऱ्या चांगल्या मेकरने स्वतः डिझाईन करून टेस्ट केलेला माल, कुणीतरी मोजमापं घेऊन बनवलेली स्वस्त कॉपी, आणि सरळ सरळ डुप्लिकेट, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने विकलेला खोटा माल. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लोकांना अनुभव येतो शेवटच्या दोनचा आणि मग ते म्हणतात बाहेरचं वाईटच असतं.

पार्ट मागवायच्या आधी एक काम केलं ते म्हणजे दोन्ही एस्टिमेटमधली यादी खरी आहे का ते तपासलं. गाडी लिफ्टवर घेतली. खडखड आवाजासाठी एका ठिकाणी दोन्ही शॉकअप लिहिले होते, पण शॉकअप कोरडे होते, तेल गळत नव्हतं, गाडीचा कोपरा दाबून सोडला की एका उसळीत बसत होता. प्राय बारने, म्हणजे लांब लोखंडी पहारीने, लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) हलवला तर डाव्या बॉल जॉइंटला, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या सांध्याला, स्पष्ट ढिलेपणा, आर्मच्या मागच्या बुशचं, म्हणजे गाडीकडच्या सांध्यातल्या गादीचं, रबर आरपार फाटलेलं, आणि स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या दांड्याची) लिंक रॉड हाताने हलवली तरी टकटक करत होती. म्हणजे शॉकअप यादीतून गेले. तुम्ही कितीही भारी ओरिजिनल शॉकअप टाकले असते तरी खडखड तशीच राहिली असती, आणि दोष मग पार्टला गेला असता.

घूं आवाज हब बेअरिंगचा, म्हणजे चाक ज्याच्यावर फिरतं त्या बेअरिंगचा. चाक हाताने फिरवताना स्प्रिंगवर बोट ठेवलं की खरखर बोटाला कळते, डाव्या बाजूला कळली, उजव्या बाजूला नाही.

इंजिन लाईटसाठी स्कॅनर लावला, कोड पी०१३५, म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) हीटरचं सर्किट. यात आधी फ्यूज बघायचा असतो, फ्यूज ठीक होता. मग सेन्सरचा कनेक्टर काढून हीटरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावला, सर्किट ओपन, म्हणजे आतून तुटलेलं. जुना सेन्सर खरंच गेलेला होता. हे एवढं सांगतोय कारण सेन्सरचे कोड आले की सरळ सेन्सर बदलायची सवय आहे, आणि पी०४२० सारख्या कोडला तर सेन्सर हा फक्त निरोप सांगणारा असतो, खराबी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) किंवा एक्झॉस्टच्या लीकमध्ये असू शकते.

आता एकेक पार्ट.

टायमिंग बेल्टचा निर्णय सगळ्यात सोपा होता. हे इंजिन इंटरफिअरन्स प्रकारातलं, म्हणजे बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि पिस्टन येऊन त्यांना धडकतो, इंजिन उघडावं लागतं. शिवाय बेल्टपर्यंत पोचायला इंजिन माउंट, पुली, कव्हर सगळं काढावं लागतं. म्हणजे माझ्या पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं "फार महाग पडेल" अशीच. इथे कंपनीचा बेल्ट, आणि त्याला ताणून धरणाऱ्या व वाट देणाऱ्या पुल्या, म्हणजे टेन्शनर आणि आयडलर घेतला, आणि याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंपही कंपनीचाच. बाहेरची चांगली किट पण मिळत होती, पण तिच्यात आणि कंपनीच्या सेटमध्ये फरक अगदी थोडा होता, आणि किटमधला वॉटर पंप कुणी बनवलाय ते डब्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. बेल्ट नामांकित मेकरचा आणि सोबतचा पंप कुणाचा तरी, असं किटमध्ये होतं, ते उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. पंपाची बेअरिंग गेली किंवा सील गळून कूलंट बेल्टवर आलं की नवा बेल्टही संपला. म्हणून किट घेत असाल तर प्रत्येक तुकड्यावरचं नाव वाचा, नुसत्या डब्यावरचं वाचू नका.

एक दुसरी बाजू पण आहे ती सांगायला पाहिजे. ओरिजिनल म्हणजे नेहमी सरस असं नाही. काही इंजिनांमध्ये कंपनीच्याच वॉटर पंपाला प्लॅस्टिकचा इम्पेलर (पाणी ढकलणारा पंखा) होता आणि तो तडकायचा, बाहेरच्या मेकरांनी धातूचा इम्पेलर टाकून तोच पंप जास्त टिकाऊ केला. आणि सगळ्यात मोठं उदाहरण ताकाताच्या एअरबॅगचं, त्या कुठल्या डुप्लिकेट नव्हत्या, जगभरातल्या मोठमोठ्या कार कंपन्यांनी नव्या गाडीत कारखान्यातच बसवलेल्या ओरिजिनल होत्या, पण त्यांच्या इन्फ्लेटरमधलं, म्हणजे बॅग फुगवणाऱ्या नळकांड्यातलं, अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने खराब होऊन फुटायचं, धातूचे तुकडे उडायचे, माणसं गेली, आणि २०१७ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. तरीसुद्धा एअरबॅगच्या बाबतीत माझं उत्तर कंपनीचीच, कारण निदान रिकॉल निघाला, म्हणजे कंपनीने खराब पार्ट बदलायला गाड्या परत बोलावल्या, तर तुमच्या गाडीचा नंबर कुणाच्या तरी यादीत असतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने खोट्या एअरबॅगबद्दल इशारा दिला होता, त्यांच्या तपासणीत काही उघडल्याच नाहीत आणि एकीतून तर उघडताना धातूचे तुकडे उडाले. तिथे कोण काय रिकॉल करणार?

ब्रेकवर मामा सगळ्यात हट्टाला पेटले होते आणि त्यांची काळजी रास्त होती, पण मी ब्रेकला बाहेरचाच माल सुचवला. कारण ब्रेक पॅड हा असा पार्ट आहे की त्याची खात्री करायला लिहिलेलं प्रमाण उपलब्ध आहे. संयुक्त राष्ट्रांचा ९० नंबरचा नियम, ज्याला आर-९० म्हणतात, तो सांगतो की बदली पॅडचं ब्रेकिंग मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असलं पाहिजे, आणि ते टेस्टमध्ये सिद्ध करावं लागतं. पास झालेल्या पॅडच्या पाठीवर गोलात ई अक्षर, त्याच्या शेजारी देशाचा आकडा आणि पुढे ९०आर ने सुरू होणारा नंबर छापलेला असतो. ई१ म्हणजे जर्मनीत मंजूर, ई११ म्हणजे ब्रिटनमध्ये. हा नंबर नसलेला पॅड मी घेतच नाही, मग डबा कितीही चकचकीत असो.

बऱ्याच पॅडवर अजून दोन अक्षरं असतात, कधी एफएफ, कधी ईएफ, कधी जीजी. पहिलं अक्षर थंड पॅडचं घर्षण, दुसरं गरम पॅडचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. आमच्या जुन्या पॅडवर एफएफ होतं, दुकानात दाखवलेल्या स्वस्त पॅडवर ईई, आणि कुठलाही आर-९० नंबर नाही. अक्षर जास्त म्हणजे पॅड चांगला असा अर्थ होत नाही, पण मूळपेक्षा अक्षरं खाली गेली की पेडल जास्त दाबावं लागणार एवढं कळतं. शेवटी घेतला तो एका मोठ्या ब्रेक मेकरचा पॅड, एफएफ, आर-९० वाला, आणि त्याच मेकरच्या डिस्क, ज्यांच्या मधल्या भागाला गंजरोधक कोटिंग होतं. कंपनीच्या डिस्कला ते नव्हतं.

डिस्क खरंच बदलायच्या होत्या का तेही बघितलं, कारण थरथर आली की लगेच डिस्क बेंड झाली म्हणायची पद्धत आहे. डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडी कोरलेली असते, मायक्रोमीटरने मोजल्यावर आमची त्या आकड्याच्या खाली गेलेली होती, म्हणून बदलल्या. पण थरथरीचं मूळ कारण दुसरंच निघालं. जुनी डिस्क काढल्यावर हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा होता, एका बाजूला जाड. नवी डिस्क त्याच्यावर बसवली असती तर ती वाकडीच फिरली असती, आणि ०.०५ मिमी एवढाच वाकडेपणा साधारण चालतो, त्याच्यावर गेलं की काही हजार किलोमीटरमध्ये डिस्क जागोजागी कमी-जास्त घासते आणि थरथर परत येते. मग लोक म्हणतात, बघा, बाहेरची डिस्क टिकली नाही. मिस्त्रीला सांगून हबचं तोंड वायर ब्रशने धातू चमकेपर्यंत साफ करून घेतलं, डिस्क बसवल्यावर वाकडेपणा मोजायचा डायल गेज लावला, मगच पॅड चढवले. आणि पॅड बसवल्यावर पहिल्याच दिवशी करकचून ब्रेक न मारता, मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५-२० पर्यंत हळूहळू उतरायचं, मध्ये थोडं चालवून थंड होऊ द्यायचं, असं बऱ्याचदा करून पॅड बसू दिले. पूर्ण थांबून गरम पॅड डिस्कवर दाबून धरायचा नाही, तिथे डाग पडतो.

हब बेअरिंगमध्ये मात्र खरा धडा मिळाला आणि तो जरा सविस्तर सांगतो, कारण हा पार्ट बाहेरून बघून काहीच कळत नाही. या गाडीला एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि आताच्या बऱ्याच बेअरिंगमध्ये एबीएससाठी दात असलेली रिंग वेगळी नसते, बेअरिंगच्या एका बाजूच्या काळ्या सीलमध्येच चुंबकीय पट्टा असतो, त्यात उत्तर-दक्षिण असे पोल एकाआड एक बसवलेले असतात आणि सेन्सर ते मोजून चाकाचा वेग सांगतो. दोन्ही बाजूची सील दिसायला सारखीच. पट्ट्याची बाजू सेन्सरकडे यायला पाहिजे, उलटी बसवली तर बेअरिंग मस्त फिरतं, आवाजही जातो, पण एबीएसचा लाईट लागतो आणि परत सगळं उघडावं लागतं, आणि प्रेसने काढलेलं बेअरिंग परत वापरता येत नाही.

पहिलं बेअरिंग आलं ते एका नामांकित मेकरच्या डब्यात, किंमत मात्र इतर ठिकाणापेक्षा बरीच कमी. छपाई बरोबर वाटत होती. बेअरिंगवरचा नंबर बोटाला लागत होता, ठोकल्यासारखा, खोली कमी-जास्त, आणि त्या मेकरचं जुनं बेअरिंग शेजारी ठेवलं तर त्यावर तो लेझरने एकसारखा कोरलेला. मग साधी टाचणी घेतली आणि एका सीलवर टेकवली, पडली. उलटी बाजू केली, तिथेही पडली. दोन्ही बाजूंना चुंबकत्व नाहीच. म्हणजे एबीएसच्या गाडीसाठीचा नंबर डब्यावर, आणि आत बिनपट्ट्याचं बेअरिंग. परत केलं, दुकानदाराने काही न बोलता परत घेतलं. (टाचणीच लावा, लोहचुंबक अजिबात जवळ नेऊ नका, पट्ट्याचे पोल बिघडतात आणि चांगलं बेअरिंग वाया जातं.) काही बेअरिंग मेकरांचे तपासणीचे ॲप पण आहेत, एसकेएफचं आहे, फोटो पाठवला की खरं-खोटं कळवतात.

त्यानंतर बेअरिंग कंपनीच्या डब्यातलं घेतलं. उघडल्यावर आत मूळचाच मेकर निघाला, त्याच्या स्वतःच्या डब्यातलं थोडं स्वस्त पडलं असतं, पण ते अधिकृत वितरकाकडे शिल्लक नव्हतं आणि दुसरीकडून घ्यायची आमची कुणाची तयारी नव्हती. इथे आम्ही जो जास्तीचा पैसा दिला तो लोखंडाचा नाही, माल खरा आहे या खात्रीचा. मला तो पटतो. ज्या पार्टची डुप्लिकेट जास्त निघते आणि जो डोळ्याने ओळखता येत नाही, तिथे कंपनीच्या काउंटरवरून घेणं हाच शहाणपणा, आणि स्पार्क प्लगच्या बाबतीतही मी हेच करतो.

लोअर आर्मसाठी तीन रस्ते होते: नुसता बॉल जॉइंट आणि बुश प्रेस करून घालायचे, बाहेरच्या मेकरचा पूर्ण आर्म घ्यायचा, किंवा कंपनीचा. नुसते बुश घालणं सगळ्यात स्वस्त, आणि आर्म वाकलेला नसेल तर चुकीचंही नाही, पण प्रेसवर दोन-दोन बुश आणि जॉइंट काढण्या-घालण्याचं लेबर लावलं की पूर्ण आर्मच्या जवळ जातं. आम्ही टीआरडब्ल्यूचे दोन्ही बाजूंचे पूर्ण आर्म घेतले. स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचा मोठा मेकर आहे, २०१५ पासून झेडएफच्या छताखाली, आणि त्याच छताखाली लेमफोर्डर आणि सॅक्स पण आहेत. बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं होतं, त्यामुळे इथे नाव माहीत नसलेली कॉपी कधीच नाही, पण कंपनीचाच डबा पाहिजे अशीही गरज नाही.

आर्म बसवताना एक गोष्ट मी स्वतः उभं राहून बघितली. बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना फायनल टाइट करायचे नाहीत. रबर त्या लटकलेल्या कोनात पकडलं जातं आणि गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं, मग वर्षभरात फाटतं. चाकांवर वजन आल्यावर, म्हणजे गाडी आपल्या नेहमीच्या उंचीला असताना टॉर्क द्यायचा. मिस्त्री पहिल्यांदा म्हणाला, "साहेब, आम्ही वरच करतो, काही होत नाही." पण मग त्याने रॅम्पवर घेऊन केलं, चांगला माणूस होता, ऐकून घेतलं. ओरिजिनल आर्म असता आणि लटकत टाइट केला असता तर तोही लवकर गेला असता. पार्ट टिकला नाही अशा जितक्या कहाण्या ऐकतो त्यातल्या कितीतरी खरं म्हणजे बसवण्याच्या असतात.

लिंक रॉडला मी मुद्दाम स्वस्तातला बाहेरचा घेतला. दोन नट, गेला तर फक्त टकटक होते आणि वळणावर गाडी थोडी जास्त झुकते, बदलायला चाक काढलं की काम झालं. इथे जास्त पैसे घालणं मला पटत नाही. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर हे सगळे ओळखीच्या फिल्टर मेकरचे, त्यात विचार करण्यासारखं फार काही नाही. फक्त ऑइल फिल्टर उलटा करून आतलं रबरी व्हॉल्व्ह बघून घ्या, ज्याने इंजिन बंद केल्यावर फिल्टरमधलं ऑइल खाली उतरत नाही. ते कडक प्लॅस्टिकसारखं लागलं तर सोडून द्या.

ऑक्सिजन सेन्सरला जुन्यावर डेन्सो असं नाव आणि नंबर छापलेलाच होता, त्याच नंबरचा डेन्सोच्या डब्यातला घेतला, कंपनीच्या डब्यापेक्षा बराच स्वस्त, बसवला, कोड काढला, परत आला नाही. गॅरेजमध्ये युनिव्हर्सल सेन्सर सुचवत होते, त्यात जुना कनेक्टर कापून वायर जोडायच्या असतात. ते नको म्हटलं, कारण बऱ्याच सेन्सरला तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या आतूनच मिळते, आणि सोल्डर केलं की ती वाट बंद होते. सेन्सरच्या बाबतीत नियम सरळ आहे, मूळ मेकर आणि मूळ कनेक्टर.

हेडलाईटवर सगळ्यात जास्त डोकं खाजवलं. कंपनीचा पूर्ण युनिट या यादीतला सगळ्यात महाग पार्ट होता. कॉपी अगदी स्वस्त, पण काचेवर ई मार्क नव्हता, आणि भिंतीवर उजेड टाकून बघितला तर वरची कापलेली रेघ जी स्पष्ट दिसायला पाहिजे ती पसरलेली, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात उजेड आणि रस्त्यावर कमी. शिवाय पॉलिकार्बोनेटवरचं यूव्ही कोटिंग हलकं असलं की दिवा लवकर पिवळा पडतो. मग तिसरा रस्ता घेतला, दुसऱ्या भंगारातल्या गाडीचा जुना पण ओरिजिनल दिवा. घेताना तीन गोष्टी बघितल्या: मागचे प्लॅस्टिकचे कान तुटून चिकटवलेले नाहीत ना, उंची कमी-जास्त करायची मोटर चालते ना, आणि काचेवरचा बाण. डावीकडून वाहतूक असलेल्या देशांसाठीच्या दिव्यावर, समोर उभं राहून बघितलं तर उजवीकडे तोंड केलेला बाण असतो, बाण नसेल तर दिवा उजवीकडच्या वाहतुकीचा, आणि दोन्हीकडे टोक असेल तर दोन्हीकडे चालतो. आयात केलेल्या गाड्यांच्या भंगारातून चुकीच्या बाजूचे दिवे खूप येतात. बसवल्यावर बीम सेट करून घेतला.

वॉरंटीचा मुद्दा मामांच्या गाडीला लागू नव्हता कारण ती कधीच संपली होती, पण ज्यांची चालू आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की बाहेरचा पार्ट लावला म्हणून सगळी वॉरंटी आपोआप जाते असं सगळीकडे नसतं. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने कंपनीला तशी अट घालता येत नाही, युरोपात "समान दर्जाचे पार्ट" मान्य आहेत, आणि भारतात २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश देताना सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देण्यावर बोट ठेवलं होतं. पण बाहेरच्या पार्टमुळेच नुकसान झालं असेल तर तेवढं कंपनी नाकारू शकते, म्हणून पावती आणि पार्ट नंबर ठेवायचाच.

आणि पार्टच्या वॉरंटीत एक अडचण असते जी आधी विचारून घ्यावी. पार्ट तुम्ही स्वतः आणून दिला आणि तो गेला, तर दुकानदार पार्ट बदलून देईल, लेबर कोण देणार? बहुतेक गॅरेज सांगतात आम्ही नाही. म्हणून बेल्ट आणि बेअरिंगसारखी जास्त लेबरची कामं आम्ही गॅरेजच्याच बिलात घेतली, पार्टसकट, आणि बिलावर लेबरची पण वॉरंटी लिहून घेतली. लिंक रॉड, फिल्टर, सेन्सर बाहेरून आणून दिले.

एकूण बिल दोन एस्टिमेटच्या मधोमध आलं नाही, खालच्या आकड्याच्या जास्त जवळ गेलं, कारण शॉकअप यादीतून गेले आणि हेडलाईट जुना मिळाला. मुलाचं म्हणणं होतं की मग स्वस्तातलंच सगळं केलं असतं तर अजून वाचलं असतं. वाचलं असतं, बेल्ट आणि बेअरिंगवर वाचलं असतं, आणि तिथेच वाचवायचं नव्हतं.

आता गाडी १,५१,००० वर आहे. ब्रेक सरळ, थरथर नाही, पॅड अजून अर्ध्याच्या वर आहेत. एबीएसचा लाईट कधी लागला नाही, इंजिनचा पण नाही. आर्मचे बुश ठीक. उजव्या बाजूचा लिंक रॉड मध्ये टकटक करायला लागला आणि बदलला, मिस्त्रीने चाक काढून थोडक्या वेळात करून दिला, दुकानदाराने पार्ट वॉरंटीत दिला.

पुढचं मोठं काम क्लचचं दिसतंय, पेडल वर येऊन पकडतंय. मामांनी यावेळी स्वतःच गॅरेजला सांगितलं की गिअरबॉक्स उतरवायचं लेबर एवढं आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम टाका, मूळ मेकर कोण ते आधी सांगा, एस्टिमेटमध्ये प्रत्येकाचा पार्ट नंबर लिहा, आणि गिअरबॉक्स खाली असताना मागचं क्रँक ऑइल सील पण बघा, ते कंपनीचंच घ्या. लूक, सॅक्स, व्हॅलिओ, एक्सेडी यातलं जे मूळचं निघेल ते घ्यायचं ठरलंय, एस्टिमेट यायचंय.